तोफेला लक्ष्य दिसत नाही, मग नेम धरतं कोण? एअर ओपी स्क्वाड्रनची गोष्ट

26 जुलै 2025 रोजी द्रास इथे कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी काही नव्या तुकड्यांची घोषणा केली. त्यात तोफखान्यासाठी दोन नावं होती: ‘शक्तिबाण’ रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटरी. (बॅटरी म्हणजे तोफखान्याची छोटी तुकडी, अशा काही बॅटऱ्या मिळून रेजिमेंट.) टेहळणीचे ड्रोन आणि घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारी शस्त्रं आता तोफखान्याच्या स्वतःच्या हाताखाली येणार, असा त्याचा अर्थ. बातम्यांत ड्रोनचं कौतुक भरपूर झालं. ‘स्वतःच्या हाताखाली’ हा भाग मात्र ओझरताच आला. खरं तर भांडण तिथलंच आहे आणि ते आजचं नाही. आकाशातून तोफगोळे बघणारा माणूस कुणाच्या हुकमातला असावा, यावर ब्रिटिश लष्कर आणि हवाई दल यांच्यात दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर चांगलीच जुंपली होती. त्यातून जी विचित्र तडजोड निघाली तिचं नाव एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे आकाशातली निरीक्षण चौकी. लष्करात सगळे ‘एअर ओपी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. या गोष्टीचा एक धागा थेट जुहू आणि देवळालीला येऊन पोचतो.

आधी मुळातला प्रश्न

सिनेमात तोफ समोरच्या शत्रूवर धडधडते. प्रत्यक्षात तोफ टेकडीच्या आड, झाडीत, कित्येक किलोमीटर मागे उभी असते. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची (आणि आपल्या सैन्याचीही) नेहमीची तोफ म्हणजे 25 पाउंडर. तिचा गोळा साधारण 11 किलोचा आणि पल्ला 12 किलोमीटरच्या आसपास. तोफेवरच्या जवानांना लक्ष्य दिसत नाही आणि गोळा पडलेलाही दिसत नाही. नकाशावरून हिशोब करून नळीची दिशा आणि उंची ठरवायची आणि गोळा सोडायचा.

हिशोब कितीही पक्का असला तरी पहिला गोळा क्वचितच बरोबर पडतो. वारा असतो, हवेची घनता बदलते, नळी झिजलेली असते, दारू गरम किंवा थंड असते, नकाशाच चुकीचा असतो. 10 किलोमीटरवर दिशेत एका अंशाची चूक झाली तर गोळा जवळपास 175 मीटर बाजूला जातो. म्हणून पुढे कुणीतरी बसून ‘उजवीकडे घ्या, दोनशे कमी करा’ असं सांगावं लागतं.

दूरदर्शनच्या काळात ज्यांनी गच्चीवर अँटेना फिरवली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. गच्चीवरच्या माणसाला पडदा दिसत नाही आणि खाली पडद्यासमोर बसलेल्याचा हात अँटेनापर्यंत पोचत नाही. ‘आलं का? अजून थोडं... गेलं, गेलं, मागे घे!’ सगळी मदार मधल्या आवाजावर. खालच्याला अँटेनाची माहिती असेल तर काम दोन मिनिटांत होतं. तो नुसताच ‘मुंग्या दिसतायत’ एवढंच सांगत राहिला, तर क्रिकेटचा सामना संपून जातो.

पहिल्या महायुद्धातली तऱ्हा

पुढे बसून बघायला टेकडी लागते. ती नसेल किंवा शत्रूच्या ताब्यात असेल तर? पहिल्या महायुद्धात उत्तर सापडलं ते विमानाचं. पण तेव्हाच्या विमानातल्या वायरलेसवरून फक्त मोर्स पाठवता यायचं, उत्तर ऐकता येत नव्हतं. तोफवाल्यांना वैमानिकाला काही सांगायचं असलं तर ते जमिनीवर पांढऱ्या कापडाचे पट्टे ठरावीक आकारात अंथरायचे.

कमीत कमी खुणांत निरोप जावा म्हणून 1915 पासून घड्याळाची पद्धत रुळली. लक्ष्याला घड्याळाचं केंद्र मानायचं, बारा म्हणजे उत्तर. केंद्राभोवती वर्तुळं कल्पायची आणि प्रत्येकाला एक अक्षर द्यायचं: ‘ए’ म्हणजे 50 यार्ड, ‘बी’ म्हणजे 100, ‘सी’ म्हणजे 200. वैमानिकाने ‘सी 9’ पाठवलं की गोळा लक्ष्याच्या पश्चिमेला 200 यार्डांवर पडला.

पद्धत हुशारीची होती आणि युद्धभर चालली. पण तिच्यातलं एक वैगुण्य बघा. वैमानिक फक्त गोळा कुठे पडला हे कळवतो. आता काय करायचं हे खाली ठरतं. वैमानिकाला तोफेतलं कळत नाही, तोफवाल्याला वरून काय दिसतंय ते कळत नाही. शिवाय 1918 मध्ये रॉयल एअर फोर्स हे वेगळं दल झालं. त्यानंतर तोफखान्याला विमान हवं असेल तर ते दुसऱ्या दलाकडून मागून घ्यावं लागायचं.

कॅप्टन बेझली यांचा हट्ट

1934 साली ब्रिटिश तोफखान्यातल्या विमानवेड्या अधिकाऱ्यांनी रॉयल आर्टिलरी फ्लाइंग क्लब काढला. त्यातले एक म्हणजे चार्ल्स बेझली. त्यांचं म्हणणं अगदी साधं: वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्यातल्या माणसाला विमान शिकवा. विमानही भारी नको. शेतातून उडणारं, शेतातच उतरणारं, तोफांच्या शेजारी झाडाखाली लपवता येईल असं हलकं विमान द्या. आणि वरच्या माणसाला निरोप्या करू नका, हुकूम देऊ द्या.

हवाई दलाला हे पटणं कठीणच होतं. विमान म्हटलं की ते हवाई दलाचं, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता: बिनशस्त्र, संथ विमान आघाडीवर टिकेल कसं? या दुसऱ्या शंकेत चूक काहीच नव्हती.

1 फेब्रुवारी 1940 ला इंग्लंडातल्या ओल्ड सेरम इथे बेझली यांच्या हाताखाली ‘डी फ्लाइट’ नावाची प्रयोगाची तुकडी उभी राहिली. ती फ्रान्सला गेली, सरावही झाला. प्रत्यक्ष शत्रूसमोर चाचणी घ्यायची तेवढी बाकी होती, आणि 10 मे रोजी जर्मन हल्ला सुरू झाला. डी फ्लाइटला चाचणीविनाच परतावं लागलं. पण त्याच लढाईत लष्कराच्या मदतीला ठेवलेली हवाई दलाची लायसँडर विमानं मोठ्या संख्येने पडली. बेझली यांना जे वादात सिद्ध करता आलं नसतं ते त्या नुकसानीने करून दिलं. 1 ऑगस्ट 1941 ला पहिली एअर ओपी स्क्वाड्रन (म्हणजे विमानांची तुकडी), क्रमांक 651, उभी राहिली आणि नोव्हेंबर 1942 मध्ये अल्जीरियात उतरली. युद्ध संपेपर्यंत 651 ते 666 अशा 16 स्क्वाड्रन झाल्या. त्यातली एक पोलिश होती आणि तीन कॅनडाच्या.

अमेरिकन लष्करही 1942 मध्ये याच निष्कर्षाला आलं आणि पायपर कंपनीची छोटी विमानं आपल्या तोफखान्याच्या हाती दिली.

वैमानिक तोफखान्याचा, विमान हवाई दलाचं

तडजोड अशी झाली: स्क्वाड्रनला क्रमांक हवाई दलाचा, विमानं आणि त्यांची देखभाल करणारे मेकॅनिक हवाई दलाचे. वैमानिक मात्र तोफखान्याचे कॅप्टन आणि स्क्वाड्रनचा प्रमुख तोफखान्याचा मेजर. ड्रायव्हर, वायरलेसवाले लष्करातले. खाकी आणि निळा असे दोन गणवेश एकाच रांगेत जेवायला उभे. कागदावर हे धेडगुजरी दिसतं. प्रत्यक्षात बरं चाललं, कारण उडताना कुणाचं ऐकायचं याबद्दल शंका नव्हती. एकेक फ्लाइट, म्हणजे चार-पाच विमानं, थेट एखाद्या डिव्हिजनच्या (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) किंवा काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या कोअरच्या तोफखान्याला जोडलेली असायची.

विमान होतं ऑस्टर. अमेरिकेतल्या टेलरक्राफ्ट कंपनीच्या हौशी लोकांसाठी बनवलेल्या विमानावरून इंग्लंडात लेस्टरजवळ तयार केलेलं. सांगाड्यावर ताणलेलं कापड, डोक्यावरून जाणारे पंख (म्हणजे खाली बघायला आडकाठी नाही), 130 अश्वशक्तीचं इंजिन. जोर लावून ताशी 200 किलोमीटर. ब्रह्मदेशात त्याच्यासमोर येऊ शकणारं जपानी हायाबुसा लढाऊ विमान ताशी 500 च्या वर जायचं.

एक उड्डाण, जवळून

समजा, नदीच्या वळणावर बांबूच्या बनात शत्रूची मशीनगन आहे. पायदळाने तिचा अंदाज कळवलाय. एअर ओपीचा कॅप्टन नकाशा मांडीवर पसरून उडतो. तो शत्रूच्या डोक्यावर जात नाही, आपल्याच हद्दीत, बहुतेकदा आपल्या तोफांच्या जवळपास राहतो. उंची दोनशे मीटरच्या आतबाहेर. झाडांच्या शेंड्यांलगत एक फेरी आणि मग थोडं वर.

वायरलेसवर तो लक्ष्य सांगतो. एकच तोफ गोळा सोडते आणि खालून आवाज येतो, ‘शॉट’. गोळ्याला पोचायला वीस-तीस सेकंद लागणार, हे त्याला माहीत असतं. तेवढा वेळ तो खालीच राहतो, मनात आकडे मोजतो आणि गोळा पडायच्या बेतात वर येतो. धुराचा लोट बनाच्या पलीकडे, जरा डावीकडे. ‘उजवीकडे एक अंश, चारशे कमी.’ परत खाली.

दुसरा गोळा बनाच्या अलीकडे पडतो. हे चुकलं नाही, हेच हवं होतं. एक गोळा पलीकडे, एक अलीकडे, म्हणजे लक्ष्य या दोन्हींच्या मध्ये अडकलं. आता निम्मं करत जायचं: दोनशे वाढवा, मग शंभर कमी. तीन-चार गोळ्यांत बन धुरात जातं. मग एका तोफेचं काम संपतं आणि सगळी बॅटरी, म्हणजे आठ तोफा, एकदम बोलतात.

अंदाजाने अंतर सांगण्यात जमिनीवरचा निरीक्षक नेहमी फसतो, कारण त्याला पलीकडचं आणि अलीकडचं एकाच रेषेत दिसतं. वरून तेच उघड होतं. दोनशे मीटरची उंचीसुद्धा पुरते.

त्या कॅप्टनच्या शब्दाला वजन किती होतं हे 1942 नंतरच्या सांकेतिक हाकांवरून कळतं. ‘माइक टार्गेट’ म्हटलं की सबंध रेजिमेंटच्या 24 तोफा त्या जागी वळायच्या. ‘अंकल टार्गेट’ला सबंध डिव्हिजनच्या 72. कापडी विमानातला एक माणूस, खाली वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या तोफा, आणि मिनिटाभरात सगळ्यांचे गोळे एका शेतात. हवाई दलाकडे अर्ज करून, कोडमध्ये निरोप पाठवून हे होणारच नव्हतं.

पण एवढं संथ विमान पडत कसं नव्हतं?

पडायचं. लढाऊ विमानांनी पाडली, जमिनीवरून पाडली, आणि काही ऑस्टर आपल्याच तोफांच्या गोळ्यांच्या मार्गात येऊन गेली. तोफांजवळ उडण्याची ही किंमत होती, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

तरीही हवाई दलाला वाटलं होतं तेवढी ती पडली नाहीत. पहिलं कारण, एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं उडायचं आणि उतरून झाडाखाली दडायचं. दुसरं, ताशी पाचशेने येणाऱ्या विमानाला झाडांलगत गिरक्या घेणाऱ्या ऑस्टरवर नेम धरणं अवघड. लढाऊ विमान वळेपर्यंत ऑस्टर भलतीकडे. तिसरं, खाली जमिनीवर खास पाहारा असायचा, लढाऊ विमान दिसलं की वायरलेसवर इशारा.

चौथं कारण मला सगळ्यात मजेदार वाटतं. शत्रूला ऑस्टर दिसलं की त्याच्या तोफा गप्प व्हायच्या. गोळा सोडला तर नळीतला झोत दिसणार आणि दोन मिनिटांत त्या जागी गोळ्यांचा पाऊस पडणार, हे एव्हाना जर्मनांना आणि जपान्यांना ठाऊक झालं होतं. ऑस्टरवर गोळी झाडण्याचं धाडससुद्धा त्याच भीतीने होत नसे. त्यामुळे नुसतं घिरट्या घालणं हेही काम ठरलं. आपल्या पायदळाला तेवढाच श्वास घ्यायला वेळ. असं बिनगोळीचं यश अहवालात मोजता येत नाही, हा भाग वेगळा.

जुहू, देवळाली, आराकान

656 क्रमांकाची स्क्वाड्रन डिसेंबर 1942 मध्ये इंग्लंडात उभी राहिली आणि 1943 च्या उत्तरार्धात बोटीने मुंबईला आली. आधी जुहूच्या धावपट्टीवर, मग देवळालीला. देवळालीत तोफा, फायरिंग रेंज आणि उघडा माळ तिन्ही होतं. जोडीने सराव करायला त्याहून सोयीची जागा नव्हती. प्रमुख होते मेजर डेनिस कॉइल.

1944 च्या सुरुवातीला स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानात पोचली आणि मग जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याबरोबर इंफाळ, इरावती, मंडाले, रंगून असा सगळा प्रवास तिने केला. युरोपात एकेका आघाडीवर अशा कितीतरी स्क्वाड्रन होत्या. इथे मोहिमेच्या मोठ्या भागात ही एकटीच. तिच्या फ्लाइट वेगवेगळ्या कोअरना वाटून दिलेल्या, एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर. प्रमुखाला आपली माणसं भेटायची तर त्यालाही ऑस्टरच काढावं लागायचं.

ब्रह्मदेशात एअर ओपी इतकी मोलाची का ठरली, याचं उत्तर जंगलात आहे. तिथे टेकड्या आहेत, पण टेकडीवर चढलं तरी झाडंच दिसतात. जमिनीवरच्या निरीक्षकाला पन्नास मीटरपलीकडचं दिसायची मारामार. जपानी खंदक तर इतके बेमालूम की पायदळ अंगावर जाईपर्यंत कळायचे नाहीत. वरून निदान धूर, पायवाटा, नव्याने तोडलेला बांबू दिसायचा. धावपट्टी म्हणजे भाताचं खाचर. बांध फोडून सपाट केलं की झाली तयार. पावसाळ्यात मात्र त्याच खाचराचं तळं व्हायचं, कापडी पंख ओलसर राहायचे आणि मेकॅनिकांचे हाल कुत्रं खात नसे. गोळे बघण्याखेरीज अधिकाऱ्यांची ने-आण, निरोप, फोटो हेही याच विमानांच्या गळ्यात पडायचं.

युद्ध संपल्यावर 656 मलायात गेली. आज त्याच क्रमांकाची तुकडी ब्रिटिश लष्करात अपाचे हेलिकॉप्टर उडवते.

आपल्याकडे पुढे काय झालं

युद्धानंतर 659 ही आणखी एक एअर ओपी स्क्वाड्रन भारतात आली. फाळणीच्या वेळी, 14 ऑगस्ट 1947 ला, ती लाहोरला विसर्जित झाली आणि तिचा वारसा भारत-पाकिस्तानात वाटला गेला. भारताच्या वाट्याला आलेली फ्लाइट म्हणजे आपल्या एअर ओपीची सुरुवात. तिने लगेच काश्मीरची लढाई पाहिली.

जुनी तडजोडही वारशात आली. वैमानिक तोफखान्याचे, तुकडी हवाई दलाच्या यादीत. इंग्रज गेल्यावरही ही व्यवस्था जवळजवळ चाळीस वर्षं टिकली, हे थोडं नवलच. ऑस्टर गेलं, एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) कृषक विमान आलं, मग चीता हेलिकॉप्टर. 1 नोव्हेंबर 1986 ला आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे लष्कराची स्वतःची हवाई शाखा, स्थापन झाली आणि तेव्हा कुठे ही तुकडी पूर्णपणे लष्कराची झाली. तिच्या वैमानिकांची शाळा नाशिक रोडला आहे आणि तोफखान्याची शाळा तिथून जवळच, देवळालीला. नाशिककरांना रेंजवरचे आवाज सवयीचे असतात, पण 1943 पासूनचा हा शेजार फारसा कुणाला माहीत नसतो. 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर बोफोर्सचे गोळे पडत होते तेव्हा चीतातले एअर ओपी वैमानिकही त्या कामात होते.

ड्रोन असताना वैमानिक कशाला?

बघण्यापुरतं बोलायचं तर ड्रोन सरस आहे, यात वाद नाही. तो स्वस्त आहे, लहान आहे, पडला तर माणूस जात नाही. युक्रेनच्या युद्धात ड्रोनवरून गोळे दुरुस्त करणं दोन्ही बाजूंना रोजचं झालं आहे. तंत्र तेच: पलीकडे, अलीकडे, निम्मं. ऑस्टरमधला कॅप्टन आज तळघरात पडद्यासमोर बसतो, एवढाच फरक.

पण ड्रोन आला म्हणून बेझली यांचा प्रश्न सुटत नाही. पडद्यासमोर बसलेला माणूस कोण? त्याला तोफेतलं कळतं का? तो थेट बॅटरीशी बोलतो, की त्याचं चित्र आधी वरच्या मुख्यालयात जातं आणि तिथून परवानगी येते? आता तोफा गोळा सोडून काही मिनिटांत जागा बदलतात, कारण रडार गोळ्याच्या मार्गावरून तोफेची जागा शोधतं. मधे दोन टेबलं वाढली की लक्ष्य निघून गेलेलं असतं.

आपल्याच लष्करातही हे फिरून आलं. हेरॉनसारखी मोठी मानवरहित विमानं सुरुवातीला तोफखान्याकडे होती. 2021 मध्ये ती आर्मी एव्हिएशनकडे गेली. त्यात तथ्य होतं. दिवसभर उडणाऱ्या, दूरवर बघणाऱ्या विमानाचा उपयोग फक्त तोफांपुरता ठेवणं परवडणारं नाही, आणि एकाच आकाशात हेलिकॉप्टर नि ड्रोन उडत असतील तर एकाच हाताने त्यांचं नियोजन होणं बरं. पण मग रेजिमेंटच्या समोरच्या पाच-दहा किलोमीटरचं काय? ती जागा ‘शक्तिबाण’ आणि ‘दिव्यास्त्र’ भरणार आहेत: मोठा डोळा एव्हिएशनकडे, छोटा डोळा तोफखान्याकडे. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते, एका अटीवर. रेजिमेंटमध्ये ड्रोन उडवणाऱ्याला आधी गोळा दुरुस्त करता आला पाहिजे. नुसता कुशल ड्रोनचालक आणून बसवला तर आपण 1915 च्या ‘सी 9’वरच परत जाऊ, फक्त चित्र रंगीत असेल.

अडचणीही आहेत. ड्रोनचा रेडिओ शत्रू जाम करतो. लडाखच्या थंडीत त्याची विजेची बॅटरी लवकर उतरते आणि विरळ हवेत, जोरदार वाऱ्यात छोटे ड्रोन तग धरत नाहीत. तिथे हेलिकॉप्टर अजून लागतं. ढग खाली आले की तेही नाही. मग उरतो तो दुर्बीण, नकाशा आणि वायरलेस घेऊन पुढच्या चौकीत बसलेला तोफखान्याचा अधिकारी, आणि त्याची पलीकडे-अलीकडे-निम्मं या हिशोबातून आजही सुटका नाही.